आता आवाज आपला

टीव्हीचा आवाज बंद करायचा, रिमोट पोटावर ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांना म्हणायचं, "हं. आता आवाज आपला."

एवढं झालं की मराठीचा वर्ग सुरू.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही राहत होतो तेव्हाची गोष्ट. दर रविवारी सकाळी दहा वाजता एका घराच्या बेसमेंटमध्ये अकरा मराठी पोरं जमायची आणि एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ त्यांना कार्टून दाखवायचे. चित्र अमेरिकन, बोलायचं पोरांनी, आणि बोलायचं मराठीत. बाकीच्या गावांतल्या मराठी शाळांत म्हणे पोरांकडून बाराखडी गिरवून घेत. आमच्याकडे एक अस्वल दुसऱ्या अस्वलाला विचारायचं, "अरे मेल्या, माझा डबा कुणी संपवला?" आणि सतरंजीवर हसून हसून लोळण.

पोरं त्यांना दातकाका म्हणायची. ते डेंटिस्ट होते. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही, आणि तसंही आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. हॅलोवीनला पोरं दारात गेली की सगळं जग चॉकलेटं देतं, हे टूथब्रश द्यायचे. तरी पोरं आधी त्यांच्याच दारात पळायची, आता काय म्हणाल? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बोलताना आपल्या डोळ्यांत न बघणारी. हे दातांकडे बघायचे. पहिल्याच पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, धड ओळखही झाली नव्हती, मला म्हणाले, "झोपेत दात खाता का हो? कुणावर?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो कन्सल्टिंगमध्ये, सोमवार ते गुरुवार दुसऱ्याच गावी.

"म्हणजे वीकेंडलाच," काका म्हणाले. "मग टिकतील दात."

त्यांचं आणखी एक प्रकरण होतं. ते फौजेत होते. म्हणजे रोज नाही. इथे राखीव फौज असते, माणूस एरवी आपला नोकरीधंदा करतो, महिन्यातला एक वीकेंड आणि उन्हाळ्यात दोन आठवडे वर्दी चढवून हजर होतो. काका तिथेही दातच बघायचे. तरुणपणी कधीतरी नाव घातलं होतं. का घातलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "ह्या देशात आलो तेव्हा द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दात तेवढे बघता येत होते. म्हटलं, वर्षातनं दोन आठवडे घ्या."

निघताना त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दोन आठवडे. आलोच." कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्यासारखे जायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई लग्नाआधीपासून सांगत आली आहे. मी म्हटलं, "काका, तुमचं सैन्य म्हणजे सरकारी पिकनिक."

ते हसले. "डबा मात्र वाईट असतो गं," म्हणाले.

आता रेवाचं सांगते. रेवा माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. पाचव्या वर्षापासून ती बोलताना अडायला लागली. शब्दाचं पहिलं अक्षर निघायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा निघायचं, आणि पुढचं अक्षर काही यायचं नाही. शाळेतल्या शिक्षिकेनं सांगितलं होतं, घाई करू नका, तिला वेळ द्या, बस्स. पण एवढ्या साध्या सल्ल्यावर आपला विश्वास बसतो होय? एका पॉटलकमध्ये एका हुशार बाईंनी हातातला ढोकळा सांभाळत मला समजावलं की दोन भाषांनी पोरांच्या डोक्यात गोंधळ होतो, घरात एकच ठेवा, इंग्लिश. पॉटलकमधल्या सल्ल्याला आपल्यात केवढी किंमत असते ते तुम्ही जाणताच. दुसऱ्या दिवसापासून मी घरात मराठी बंद केली.

माझं इंग्लिश ऑफिसातलं. इन्शुरन्सवाल्यांकडे मी सॉफ्टवेअर टेस्ट करायचे, तेच इंग्लिश घरी आलं. "रेवा, प्लीज कम्प्लीट युवर मिल्क." नवरा हॉटेलमधून फोनवर विचारायचा, "हाउ वॉज युवर डे?" ती म्हणायची, "फाइन." आमचं घर म्हणजे स्टेटस मीटिंग झालं होतं. कॉलिंग कार्डावरून नाशिकला माझ्या आईला फोन लावला की रेवा उठून आपल्या खोलीत. आई विचारायची, "पोरीला माझी ओळख राहिली नाही का गं?" मी म्हणायचे, "तिचा होमवर्क चाललाय." आठ महिन्यांत तिचं अडखळणं बरंच कमी झालं. कारण तिनं बोलणंच कमी केलं होतं. आणि मी, शहाणी, समजत होते की उपाय लागू पडला.

मग मराठीच्या वर्गात कशाला घातली? तो नवऱ्याचा हट्ट. "बोलू नको म्हणावं, नुसती बस. चार पोरं तरी भेटतील," म्हणाला. बाकीचे आईबाप वर काकांच्या किचनमध्ये काकूंच्या हातचा चहा पीत गप्पा मारायचे. मी कप घेऊन बेसमेंटच्या जिन्यात बसायचे. तिला कुणी हसलं तर लगेच उचलून घरी न्यायची, अशी माझी तयारी होती.

कुणी हसलं नाही, कारण काकांनी तिला काही बोलायला लावलंच नाही. चौथ्या रविवारी ते जिना चढून आले आणि माझ्या खालच्या पायरीवर बसले.

"घरी कुठल्या भाषेत बोलता पोरीशी?"

मी सगळं शास्त्र ऐकवलं. ढोकळ्यावाल्या बाईंसकट.

"बरं. तू तिला रागावतेस कुठल्या भाषेत?"

"इंग्लिशमध्ये."

"जमतं?"

"नाही जमत."

"आणि लाड?"

मी कपाकडे बघत बसले. "मला इंग्लिशमध्ये लाड करता येत नाहीत, काका," मी म्हटलं, आणि ते म्हणताना मलाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मला वाटलं होतं, आता भाषण देतील. "चहा निवतोय तुझा," म्हणाले आणि खाली गेले.

परतताना गाडीत मी आरशात बघून मागे बसलेल्या रेवाला म्हटलं, "बाळा, भूक लागली का गं?" तिनं मान वर केली. आठ महिन्यांनी आई बाळा म्हणाली होती. "भ... भ..." सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, "भूक," ती म्हणाली. मी गाडी पहिल्या गॅस स्टेशनात घातली आणि तिथे हवा भरायच्या मशीनशेजारी रडले. सांगायला लाज कसली?

तिचं अडखळणं गेलं नाही. उलट वाढलं, कारण ती आता दिवसभर बोलायला लागली.

उन्हाळ्याच्या दोन आठवड्यांना निघण्याआधीच्या रविवारी काका एक खास टेप लावायचे. त्यांची मुलगी लहान असताना टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. ते जुनं कार्टून तुम्हीही पाहिलं असेल: पुढच्या जमान्यातलं कुटुंब, मोटारी हवेत उडतात, घरकामाला यंत्र, बटण दाबलं की जेवण पुढ्यात. त्यातल्या एका भागात बापाला दोन आठवड्यांसाठी फौजेचं बोलावणं येतं, अंतराळातल्या फौजेचं. तो जातो, आणि ज्या साहेबापासून चार दिवस सुटका म्हणून मनातून खूश असतो, तो साहेबही तिथेच. "राखीव फौजेवर एवढा एकच खरा सिनेमा निघालाय," काका म्हणायचे. बापाचा आवाज दरवर्षी त्यांचाच. पोरांनी त्यात काय काय घुसडलं होतं. बायको नवऱ्याला निरोप देताना विचारायची, "मफलर घेतलास का?" साहेब उठसूट म्हणायचा, "सुट्टी मिळणार नाही." फौजेतलं नळीतलं जेवण बघून बाप म्हणायचा, "अरेरे, ह्यापेक्षा आमच्या हिचं पिठलं बरं," आणि वर किचनमध्ये काकूंना ते ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा.

त्यात एका जागी सगळे शिपाई रांगेत उभे राहतात आणि त्यांची हजेरी होते. रांगेतला शेवटचा शिपाई काकांनी रेवाला दिला. एक शब्द: हजर.

"आय एम नॉट डूइंग इट," रेवा म्हणाली.

"बरं. नको करूस. पण शिपाई तुझाच. तू बोलली नाहीस तर बिचारा गैरहजर लागेल."

हा शिपाई तिलाच का, ते मला नंतर समजलं. तिनं काकांना एक गोष्ट सांगितली होती, मला न सांगितलेली. शाळेत एकदा बदली शिक्षिका आली होती. हजेरी घेताना रेवाचं 'हिअर' निघेपर्यंत पुढची तीन नावं झाली, आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून माझी मुलगी हजेरीला नुसता हात वर करत होती, आणि नंतर दिवसभर तोंड उघडत नव्हती.

टेप सुरू झाली. सगळ्यांत मोठा मुलगा हवालदार. शिपाई एकेक करून "हजर, हजर" म्हणत पुढे सरकले. शेवटच्या शिपायानं तोंड उघडलं. "ह..." रेवा म्हणाली. "ह... ह..."

आणि काकांनी पॉजचं बटण दाबलं.

पडद्यावर चित्र थरथरत थांबलं, मधे दोन आडव्या पांढऱ्या रेघा. शिपायाचं तोंड उघडंच. हवालदार, साहेब, मागची उडती मोटार, सगळं जागच्या जागी. एक मुलगा फिसकन हसला. काका त्याच्याकडे न बघता रेवाला म्हणाले, "फौज उभी आहे. सावकाश. गाडी सुटत नाही."

माझ्या हातातला चहा पुन्हा निवला. किती वेळ गेला, देव जाणे.

"हजर," रेवा म्हणाली.

काकांनी बटण दाबलं, शिपायानं तोंड मिटलं, फौज चालायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी वाजवू दिल्या नसत्या. पुढे बापाचं वाक्य होतं, ते काका विसरले, तेवढंच.

तेव्हापासून वर्गाच्या सुरुवातीला हजेरी व्हायला लागली. ज्याला जितका वेळ लागेल तितका.

पुढच्या जानेवारीत काकांना बोलावणं आलं. खरं. इराकचं युद्ध सुरू होऊन दुसरं वर्ष संपत आलं होतं, आणि तिथल्या पोरांचेही दात दुखतच असणार. आमच्या पॉटलकमध्ये लगेच चर्चा: ह्या वयात? वेळेवर सोडून नाही का द्यायचं? कुणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला? मला मात्र माझी ती पिकनिक आठवत होती.

संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून मी तिळाच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. "ह्यानं दात पडतात," काका म्हणाले आणि चार वड्या खिशात टाकल्या.

"काका, मी पिकनिक म्हटलं होतं. चुकलं माझं."

"डबा तर वाईटच असणार आहे," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

खाली पोरांना त्यांनी सरळ सांगितलं. कुठे, कशाला. रेवानं विचारलं, "द... दोन आठवडे?"

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "नाही गं. ह्या वेळी जास्त. तीन-चार महिने."

मग रिमोट तिच्या हातात दिला. "पॉजचं बटण हे. कुणीही अडलं तर दाबायचं. घाई करायची नाही."

'आलोच' म्हणाले नाहीत. रेवाच्या ते लक्षात आलं. गाडीत बसल्याबरोबर तिनं मला ते सांगितलं.

चार महिने वर्ग काकूंनी चालवला. काकूंना टेप लावता यायची, बाकी सगळं रेवा बघायची. हजेरीही तीच घ्यायची, आणि पहिलं नाव दर वेळी एकच. "द... द... दातकाका." सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "ड्युटीवर." हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. द हे तिचं सगळ्यांत अवघड अक्षर, तरी एकही रविवार तिनं ते नाव टाळलं नाही. ते नाव सुरू झालं की काकू वर किचनमध्ये जाऊन नळ सोडायच्या. घासायला काही नसलं तरी सोडायच्या.

काकांच्या ईमेल यायच्या, दोन-दोन ओळींच्या. "रणगाडा चालवणारा मुलगा आज सुई बघून रडला. त्याला म्हटलं, सावकाश, गाडी सुटत नाही. मराठीत म्हटलं. समजलं त्याला." काकू त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. एप्रिलमध्ये दोन आठवडे काहीच आलं नाही. मग काकूंचा फोन आला, छावणीजवळ गोळा पडला होता, पण ते ठीक आहेत. ठीक म्हणजे ठीक, असं समजून आम्ही मोकळे झालो.

जूनच्या सुरुवातीला ते परत आले. वाळले होते, बाकी तेच. रविवारी बेसमेंट गच्च भरलं, आईबापसुद्धा जिन्यात. पोरांनी ती फौजेची टेप आधीच लावून ठेवली होती. काका खुर्चीवर बसले, रेवानं त्यांना रिमोट परत केला. त्यांनी बटण दाबलं, रिमोट पोटावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला.

"हं," म्हणाले. "आता आवाज आपला."

टीव्ही बोलतच होता. इंग्लिशमध्ये, चांगला मोठ्यानं. संगीत, उडत्या मोटारीचा आवाज, सगळं चालू. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. आणि काका पोरांकडे बघत हसत वाट बघत होते.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या मागच्या पायरीवर काकू होत्या, त्यांनी माझा खांदा धरला. तेव्हा मला उमजलं.

रेवा उठली. टीव्हीपाशी जाऊन तिनं हातानं आवाज शून्यावर आणला. मग काकांच्या खुर्चीसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी, मांडी घालून बसली आणि तोंड वर केलं.

"द..." ती म्हणाली. "द... द..."

काका तिच्या ओठांकडे बघत होते. आयुष्यभर तोंडं बघितलेला माणूस.

"द... दातकाका."

"हजर," काका म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं.

डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा बराचसा. "कुणाला सांगू नकोस म्हणाले," काकू जिन्यात मला म्हणाल्या, आणि ह्या वेळी सोडायला नळ नव्हता.

त्यानंतर वर्ग वर्षभर चालला. मशीन लावलं होतं कानाला. दवाखानाही चालवून बघितला. "पेशंटच्या तोंडात माझे हात असतात, तो बोलतो कुठे?" म्हणायचे. पण पेशंट दुखतंय म्हणून सांगतो ते ऐकू यायला हवं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि दवाखाना बंद केला. मग टेक्ससमध्ये प्लेनोला, मुलीजवळ राहायला गेले. निघताना रेवाला म्हणाले, "दोन आठवडे. आलोच." दोघंही हसले. त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. बेसमेंटमध्ये त्यांनी पिंगपाँगचं टेबल टाकलंय म्हणे.

रेवा आता अकराची आहे. अजून अडते. नाशिकच्या आजीशी फोनवर अर्धा अर्धा तास अडत अडत बोलते, आणि आई मला म्हणते, "पोरगी बोलते छान हं, तुझ्यासारखी तोफ नाही." मी त्या माणसाचे उपकार मानते. देवापुढे दिवा लावताना मानते, दूध उतू जाताना मानते. त्यांना तोंडावर कधी सांगता आलं नाही, सांगायला लागले की ते दातांकडे बघायचे.

म्हणून गेल्या रविवारी सांगायचंच ठरवलं. रविवारी दहाला रेवा कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांच्याशी बोलते. तिच्या खांद्यावरून वाकून मी सगळं एका दमात सांगून टाकलं, गॅस स्टेशन, हवा भरायचं मशीन, बाळा, आई, सगळं. चित्र अडकत अडकत चाललं होतं. काकांनी कानाचं मशीन चाचपलं, मान हलवली.

"काही कळलं नाही," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, दुप्पट मोठ्यानं.

त्यांनी हात वर केला. "अगं, तुम्ही सगळे भराभर बोलता. काकू भराभर, माझी मुलगी भराभर, डॉक्टर भराभर. तिला बोलू दे. मला हल्ली हिचंच तेवढं नीट समजतं."

मी बाजूला झाले. रेवानं खुर्ची पुढे ओढली. "आ... आ..." तिनं सुरू केलं, "आई म... म..." आणि तिकडे प्लेनोत काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तोंड पडद्याजवळ आणलं आणि थांबले.